करार परिशिष्टात असतो

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना नजर आपोआप वर जाते, दोन हजार वर्षं टिकलेल्या लाकडी कमानींकडे. दर्शनी भागातली ब्राह्मी अक्षरं मात्र थांबून बघणारे थोडे. त्यांतला एक लेख म्हणजे चक्क सरकारी आदेश आहे. तो ‘मामाल’च्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला उद्देशून काढलेला आहे. वलूरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक पंथाच्या बौद्ध भिक्षूंना करजक हे गाव दिलं आहे, असं त्यात म्हटलं आहे. पण आदेश तिथे थांबत नाही. या जमिनीत राजपुरुषांनी शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी तिथे ढवळाढवळ करू नये, आणि अशा जमिनीला मिळणाऱ्या बाकीच्या सगळ्या सवलती तिला मिळाव्यात, असं तो पुढे सांगतो. शेवटी पट्टा कुणी केला त्याचं नावही आहे. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात महारठी सोमदेवाने वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षात एक गाव दिल्याची नोंद आहे, आणि तिथेही ते गाव कोणत्या करांसह, कोणत्या उत्पन्नासह दिलं हे लिहून ठेवलं आहे.

दान एका वाक्यात सांगून झालं होतं. लेखाचा मोठा भाग खर्च झाला तो त्या दानाचा व्यवहारातला अर्थ सांगण्यात. कंपनीत नोकरी करणाऱ्या वकिलाला सॉफ्टवेअरचे आणि आयटी सेवांचे करार हाताळायला शिकवायचं झालं, तर मी पहिला धडा इथेच देईन. कराराच्या पहिल्या वीस-तीस पानांत जे असतं ते बहुतेक करारांत सारखंच असतं. हा करार नेमका कशाचा, हे मागच्या परिशिष्टांत असतं: कामाची व्याप्ती, सेवेचं मोजमाप, डेटाचा तपशील, दरपत्रक, निरोपाची, म्हणजे करार संपतानाची, व्यवस्था. आणि नेमकी हीच पानं वकिलापर्यंत सर्वांत शेवटी येतात. कधी कोरी येतात, कधी ‘नंतर ठरवू’ असा शेरा घेऊन येतात.

हे का होतं, तेही समजून घेतलं पाहिजे. बार कौन्सिलच्या ४९व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणारा वकील वकिलीची प्रॅक्टिस करू शकत नाही. त्यामुळे तो कोर्टात उभा राहत नाही आणि कंपनीतल्या पुष्कळांना तो सही करण्याआधीचा शेवटचा शिक्का वाटतो. तळेगाव-चाकण पट्ट्यातला कारखाना असो की हिंजवडीतली कंपनी, शुक्रवारी संध्याकाळी खरेदी विभागाकडून मेल येतो तो असा: ‘मॅडम, कमर्शियल फायनल झालंय. एकदा नजर टाका फक्त, सोमवारी गो-लाइव्ह आहे.’ नजर टाकणारी मॅडम मग जबाबदारीची कलमं तपासते, इंडेम्निटी, म्हणजे नुकसानभरपाईची हमी, दोन्ही बाजूंनी करून घेते, वादाचं ठिकाण पुणे करते आणि फाइल परत पाठवते. तिने मन लावून काम केलेलं असतं, पण जिथे नुकसान होणार आहे ती जागा तिने पाहिलेलीच नसते.

म्हणून पहिली बैठक व्हेंडरच्या वकिलाबरोबर नको, आपल्याच स्टोअर्समधल्या आणि डिस्पॅचमधल्या माणसांबरोबर हवी. समजा, मालाच्या नोंदीचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. ते बंद पडलं तर काय अडतं, हे डिस्पॅचचा सुपरवायझर दोन मिनिटांत सांगतो: इनव्हॉइस निघत नाही, ई-वे बिल निघत नाही, ट्रक गेटवर उभा राहतो, ग्राहकाची लाइन थांबते आणि दंड आपल्याला लागतो. या साखळीतल्या प्रत्येक कडीला परिशिष्टात एक ओळ मिळाली पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात ही साखळी सापडत नाही. ती फक्त त्या माणसाला माहीत असते.

आता सेवेच्या मोजमापाकडे, म्हणजे एसएलएकडे येऊ. इथे अंकगणित कायद्याहून महत्त्वाचं आहे. ‘९९.९ टक्के उपलब्धता’ म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं बंद. ‘९९ टक्के’ म्हणजे ७ तास १२ मिनिटं. कागदावर फरक एका टक्क्याच्याही आतला, प्रत्यक्षात जवळजवळ एका पाळीचा. त्याहून मोठा प्रश्न असा की हे तास कधी पडणार? कार्ला-लोणावळ्यातल्या एखाद्या रिसॉर्टचं बुकिंग सॉफ्टवेअर फेब्रुवारीतल्या मंगळवारी तीन तास बंद राहिलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी किंवा एकवीरेच्या चैत्री यात्रेच्या दिवसांत तेच तीन तास म्हणजे हंगामाची कमाई. मोजमाप महिन्याच्या सरासरीवर असेल तर व्हेंडर त्या शनिवारीही करार पाळतच असतो. तेव्हा आपल्या धंद्याचे गर्दीचे दिवस आणि तास परिशिष्टात नावानिशी लिहा, त्यांचं मोजमाप वेगळं ठेवा आणि ‘नियोजित देखभाल’ त्या तासांत करायची नाही हेही लिहा. घड्याळ कधीपासून धावतं, तक्रार नोंदवल्यापासून की व्हेंडरने ती मान्य केल्यापासून, यावर मी अर्धा तास भांडायला तयार असेन.

मोजमाप चुकलं तर उपाय काय? बहुतेक करार इथे दंडाची टक्केवारी लिहून मोकळे होतात. भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२च्या कायद्याचं, ७४वं कलम सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. कोर्ट तिच्या आत राहून वाजवी भरपाई देतं. ७३वं कलम दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देत नाही. म्हणजे मोठा आकडा लिहून वचक बसवण्याची कल्पना आपल्या कायद्यात फारशी चालत नाही. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात यापेक्षा शहाणा उपाय कोरलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णी आणि राजमाता यांचा, २४व्या राज्यवर्षातला तो आदेश. भिक्षूंना पूर्वी काखडी गावचं शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही, असं लक्षात आलं. मग आदेशात दंड नाही, दिलगिरी नाही. शहराच्या हद्दीवरच्या राजाच्या जमिनीतली १०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) बदली दिली आहेत. उपयोगी न पडलेल्या वस्तूच्या जागी उपयोगी पडणारी वस्तू. आयटी करारातही महिन्याच्या बिलात पाच टक्के सूट मिळण्यापेक्षा ‘इतक्या तासांत पर्यायी यंत्रणा चालू करून देईन, नाही जमलं तर दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा खर्च सोसेन’ हे कलम कितीतरी जास्त कामाचं आहे. व्हेंडरही त्याला दंडापेक्षा लवकर तयार होतो, असा माझा विश्वास आहे. कारण त्यात त्याच्यावर दोष न ठेवता काम पुढे जातं.

जबाबदारीच्या मर्यादेबद्दल थोडं बोललं पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. अशा तयार उत्पादनांच्या छापील अटींत उत्पादकाची जबाबदारी सहसा ग्राहकाने भरलेल्या शुल्कापुरती असते. मध्यम आकाराच्या भारतीय कंपनीला ही मर्यादा बदलून मिळण्याची शक्यता कमी. तिथे ताकद वाया घालवू नये. मर्यादेतून काय वगळायचं, यावर भर द्यावा: गोपनीयतेचा भंग, डेटाची गळती, दुसऱ्याच्या बौद्धिक संपदेवरचं आक्रमण आणि जाणूनबुजून केलेली चूक. आणि मर्यादेबाहेरच्या जोखमीचं काय करायचं, विमा घ्यायचा की पर्यायी व्यवस्था ठेवायची, हे संचालकांना लेखी कळवावं. ते कळवणं हाही वकिलाच्या कामाचाच भाग आहे.

एक गोष्ट झटकन सांगतो, कारण तिच्यात फार खोल जाण्यासारखं नाही, पण तिचा फटका मोठा बसतो. मेलवर करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं १०-अ कलम सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार निष्प्रभ ठरत नाही. २०१०च्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला बॉक्साइटचा व्यवहार पक्का करार मानला. औपचारिक कागदावर सही व्हायची राहिली होती, तरीही. आयटी विभागातल्या उत्साही इंजिनिअरने व्हेंडरला लिहिलेलं ‘ओके, गो अहेड’ पुढे किती महागात पडू शकतं, हे त्याला चहा पाजून समजावून सांगावं.

आता डेटा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला सायबर हल्ला आपल्या भागात अजून लोकांच्या लक्षात आहे. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी स्वतःची खोटी मंजुरी यंत्रणा उभी केली. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेमार्फत आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. त्यानंतरच्या वर्षांत नियम बदलत गेले आणि ते सगळे कराराच्या परिशिष्टात येऊन पोचले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबतचे सविस्तर निर्देश काढले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते, हा त्यांचा गाभा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हेच तत्त्व सर्वांना लावलं. लोकांचा डेटा ज्याने गोळा केला तोच उत्तरदायी, मग प्रक्रिया कुणीही करो. बाहेरच्याकडून प्रक्रिया करून घ्यायची तर वैध करार हवाच. आणि पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

सर्ट-इनच्या त्या ६ तासांच्या मुदतीचा विचार करा. घटना आपल्याकडे घडत नाही, व्हेंडरच्या सर्व्हरवर घडते. करारात ‘व्हेंडर वाजवी वेळेत कळवेल’ असं असेल, तर त्याच्या वाजवी वेळेत आपले ६ तास कधीच उलटून गेलेले असतात. म्हणून कळवण्याची मुदत तासांत लिहावी आणि ती ६पेक्षा बरीच कमी असावी. कळवायचं कुणाला, कोणत्या फोनवर, रविवारी रात्री तो फोन कोण उचलेल, हेही लिहावं. व्यक्तीचं नाव लिहिण्यापेक्षा पद लिहिलं तर ते जास्त टिकतं. व्हेंडरने पुढे ज्यांना काम दिलं त्यांनाही हीच मुदत बंधनकारक असावी, नाहीतर साखळी तिथे तुटते.

कार्ल्याच्या आदेशातल्या ‘राजपुरुषांनी शिरू नये’ या ओळीचा आजचा अवतार म्हणजे लॉगिन. व्हेंडरची माणसं आपल्या यंत्रणेत कुठवर येतील आणि त्याच वेळी आपली माणसं दुसऱ्याच्या यंत्रणेत कुठवर जातील? याचं महागडं उदाहरण महाराष्ट्रात मुख्यालय असलेल्या टीसीएसचं आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेसाठी काम करताना टीसीएसच्या कर्मचाऱ्यांनी एपिक सिस्टिम्स या कंपनीच्या ग्राहकांसाठीच्या पोर्टलवरून परवानगीशिवाय कागदपत्रं उतरवून घेतल्याचा आरोप झाला. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या कोर्टात दावा दाखल झाला, २०१६ मध्ये ज्युरीने ९४ कोटी डॉलरचा निवाडा दिला. तो कमी होत होत २८ कोटी डॉलरवर आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीसीएसचं अपील ऐकायला नकार दिला. आपल्या कंपन्यांनी यातून एक शिकावं: कुणाला कोणतं खातं, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, याची यादी कराराला जोडलेली असावी आणि माणूस प्रकल्पातून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद व्हावं.

करजक गावाची आणखी एक हकीकत आहे. तेच गाव आधी क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या भिक्षूंना दिलं होतं. त्याचाही लेख कार्ल्यालाच आहे. नंतर सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. सत्ता बदलली, आणि मी सुरुवातीला सांगितलेला आदेश, जो गौतमीपुत्राचा मानतात, नव्याने काढावा लागला. आयटीत मालक याहून वेगाने बदलतात. आज ज्या स्टार्टअपशी करार केला ते दोन वर्षांनी परदेशी कंपनीने घेतलेलं असू शकतं, कदाचित आपल्या प्रतिस्पर्ध्यानेही. मालकी बदलली तर आपल्याला आधी कळलं पाहिजे आणि दंड न भरता बाहेर पडता आलं पाहिजे, या कलमासाठी आग्रह धरण्यासारखा आहे.

लहान व्यावसायिकांकडे तर वकीलच नसतो. हॉटेलवाले बुकिंगच्या प्लॅटफॉर्मची अट ‘मान्य’ म्हणून टिचकी मारून स्वीकारतात. इतरत्र किंवा स्वतःच्या वेबसाइटवरही कमी दराने खोली विकायची नाही, अशी अट मेकमायट्रिप-गोआयबीबोच्या करारांत होती. फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्सच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना २२३.४८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. एकट्या लॉजमालकाला जी अट बदलून घेता आली नसती, ती संघटनेने थेट आयोगापुढे नेली. मावळातल्या हॉटेलवाल्यांनीही अशा अटी एकट्याने न वाचता एकत्र बसून वाचाव्यात.

आता माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित विषय: पैसे देऊन बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा मालक कोण? ‘आम्ही पैसे दिले, म्हणजे ते आमचं’ ही समजूत चुकीची आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७च्या कायद्यात, संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. पण बाहेरच्या कंपनीने किंवा फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडची मालकी, करारात वेगळं नसेल तर, त्यांच्याकडेच राहते. ती हवी असेल तर लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यातही १९वं कलम बारकाईने वाचलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, तो लयाला जातो. ‘सर्व हक्क ग्राहकाकडे राहतील’ ही भारदस्त ओळ या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर देत नाही. ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, वापर न केल्यासही अबाधित’ एवढे शब्द लिहायला अर्धी ओळ पुरते.

तयार उत्पादन विकत घेतलं तर मालकीचा प्रश्नच येत नाही. तिथे फक्त वापराचा परवाना मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या निकालात डिस्कवर मिळणारं तयार सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी ‘वस्तू’ ठरवलं, आणि २ मार्च २०२१च्या इंजिनिअरिंग ॲनालिसिस निकालात असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला कॉपीराइट मिळत नाही, म्हणून परदेशी कंपनीला दिलेली त्याची किंमत रॉयल्टी होत नाही, असं सांगितलं. करखात्याशी भांडण्यासाठी हे निकाल महत्त्वाचे. रोजच्या कामात त्यांचा अर्थ इतकाच, की परवाना किती जणांचा, कोणत्या कंपनीपुरता, समूहातल्या दुसऱ्या कंपनीला चालतो का, हे सही करण्याआधी विचारा.

निरोपाचं परिशिष्टही सुरुवातीच्या बैठकीतच लिहून घ्या: डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, किती दिवसांत, किती महिने व्हेंडर नव्या माणसांना काम समजावून देईल, त्याचा दर काय, आणि ॲडमिनचे पासवर्ड व डोमेनचं नाव कुणाच्या नावावर आहे. सुरुवातीला दोन्ही बाजू खुशीत असतात तेव्हा हे एका तासात ठरतं. बिनसल्यावर ठरत नाही.

तुम्ही कंपनीचे वकील असाल, तर या आठवड्यात एक काम करा. गेल्या पाच-सहा वर्षांत बाहेरून लिहून घेतलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा करार कपाटातून काढा आणि हस्तांतरणाच्या कलमात मुदत लिहिली आहे का, ते पाहा. नसेल तर संबंध चांगले असतानाच व्हेंडरला बोलवा आणि मुदत, प्रदेश व वापर या तीन गोष्टी लिहिलेला पुरवणी करार, योग्य मुद्रांक लावून, सही करून घ्या.